काळ्यांच्या बाजूची खुर्ची

रंगनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर रागावलेलो होतो. असं लिहू नये, हे कळतं मला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायची रीत आहे आणि रंगाबद्दल चांगलं बोलायला काही जड जात नाही. पण मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. उत्तर आधी लिहून मागाहून पायऱ्या जुळवणाऱ्या पोरांचे मी मार्क कापले आहेत. आता स्वतःच तसं कसं करू? तर पहिली पायरी ही, की मी रागावलेलो होतो. आणि फोन कुणाचा, तर बबनचा. बबन म्हणजे रंगाचा साडू, पाथर्डीकडचा, जीप चालवणारा. "सर, मास्तर गेले हो..." एवढं बोलून तो रडायला लागला. इतकं वाईट वाटत असतानाही माझ्या मनात पहिला विचार काय यावा? ह्या बबनला माझ्या आधी कळलं!

राग होता तो शेवटच्या डावाचा. त्याच आठवड्यात मी त्याला भेटून आलो होतो. दवाखान्यातून घरी आणलं होतं त्याला, नगरच्या सावेडीतल्या त्याच्या बंगल्यात. ओसरीवर बुद्धिबळाचा पट नेहमीसारखा मांडलेला. रंगा खिडकीकडे पाठ करून काळ्यांच्या बाजूला बसला, मी समोर पांढऱ्यांच्या. ही जागा कधी बदलली नाही. नियमाने रंग आलटून पालटून घ्यायचे असतात, पण पांढरी मलाच द्यायची असा त्याचा हट्ट. पहिली चाल फुकट मिळत असेल तर नको कोण म्हणेल, म्हणून मीही कधी विचारलं नाही. तो इतका वाळला होता की शर्टाची कॉलर मानेभोवती फिरत होती. एक घोडा उचलून ठेवला की दम खायचा. मला ते बघवेना. एकदा तरी जिंकू दे बिचाऱ्याला, असं मनात आलं आणि मी माझा हत्ती उघड्यावर सोडला. नवशिक्यालाही दिसावा असा. उंटाने हत्ती मारायचा, मग वजीर खाली आणायचा, की कोपऱ्यातला माझा राजा संपला. रंगाने हत्तीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. आणि काय केलं असेल? स्वतःचा राजा हलकेच पटावर आडवा केला. म्हणजे डाव सोडला!

"अरे, तू जिंकतोयस! डोळे फुटले का तुझे?" मी ओरडलोच.

"असू दे, अनंता. चहा सांग तुझ्या वहिनीला," तो म्हणाला आणि डोळे मिटून बसला. मी चहा न घेता स्कूटर काढली. पुन्हा भेट झाली नाही.

आमची ओळख शाळेच्या स्टाफरूममधली. मी गणिताला, तो भूगोलाला. ऑफ पिरियडला कपाटामागे पट मांडायचो. तो मूळचा पाथर्डीचा, बोलणं ऐसपैस, हसला की व्हरांड्यातली पोरं गप्प व्हायची. खेळात मात्र मी त्याला भारी. जिल्ह्याचा चषक माझ्या घरी शोकेसमध्ये आहे, येणाऱ्याला पहिला तोच दिसावा असा ठेवलेला. रंगाला मी किती वेळा हरवलं याची गणती नाही, आणि तो मला कधीच हरवू शकला नाही. पण त्याची एक खोड होती. तो डाव सोडायचा नाही. वजीर गेला, हत्ती गेले, एकटा राजा उरला तरी पटभर पळत राहायचा. मी म्हणायचो, "आता सोड की, लाज कशी वाटत नाही?" तो म्हणायचा, "तू कर ना मात. बघू तर दे कशी करतोस." मग मला शेवटपर्यंत खेळत बसावं लागायचं. जाणता खेळाडू हरणार असं दिसलं की राजा आडवा करतो, हात मिळवतो आणि उठतो. ती रीत आहे. ह्याला ती रीतच ठाऊक नाही, असा माझा पक्का समज होता. पाथर्डीचा हट्ट, दुसरं काय! स्टाफरूममध्ये मी ते चारचौघांत म्हणूनही दाखवायचो.

आणि तरीही लोक जमायचे ते त्याच्याकडे. इथे खरी ठसठस आहे.

रंगाचा एक डाव होता. त्याचा म्हणजे त्याने खेळलेला नव्हे. दूरच्या कुठल्या थंड देशात, आमच्या जन्माच्याही आधी, दोन ग्रँडमास्टर खेळले होते तो डाव. त्यांची नावं जिभेला वळायची नाहीत, म्हणून रंगाने त्यांना पांढरेपाटील आणि काळेपाटील करून टाकलं होतं. दर रविवारी सकाळी ओसरीवर तो एकच डाव तो मांडायचा आणि सांगायचा. होय, दर रविवारी तोच! शेजारपाजारचे, निवृत्त, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, ज्यांना उंट तिरका जातो की सरळ हे माहीत नाही असेसुद्धा यायचे. "आता पांढरेपाटलांच्या मनात काय असंल, सांगा बरं?" असं विचारत, थांबत थांबत तो खेळी उलगडायचा. मध्ये एक जागा अशी यायची की पांढरेपाटलांनी वजीर देऊन टाकलेला आहे, काळ्यांचं सैन्य अंगावर आलेलं आहे, आता शह द्यायलाच हवा असं सगळ्यांना वाटतंय... आणि पांढरेपाटील हत्ती उचलून शेजारच्या घरात ठेवतात. बस. ना शह, ना काही मारलं. त्या खेळीला रंगा हात जोडून म्हणायचा, "वा!" आणि मग चहा. कप रिकामे होईपर्यंत पुढची खेळी करायची नाही, हा त्या ओसरीचा कायदा. लोक चहा पिताना त्या हत्तीकडे असे बघत बसायचे, जसा काही तो आत्ता उठून बोलणार आहे.

मला ती खेळी कळत होती. सगळ्या फांद्या मोजून मी सिद्ध करून दाखवली असती. पण 'वा' काही तोंडून निघायचं नाही. एकदा शाळेची सहल हिवरे बाजारला नेली होती. तिथे डोंगरउतारावरचे बांध दाखवता दाखवता रंगा पोरांना सोडून माझ्याकडे वळला. म्हणाला, "अनंता, हत्तीची ती खेळी म्हणजे हा बांध बघ. उन्हात बघणाऱ्याला वाटतं, उगाच माती ओढून ठेवलीय. पानी आल्यावर कळतं." आनंद झाला की त्याचा ण असा पाथर्डीला जायचा. मी म्हणालो, "पुरे झालं तुझं, पोरं मोज." बांधापेक्षा त्याच्या चेहऱ्याकडेच माझं लक्ष होतं. एवढा आनंद ह्याला मिळतो कुठून? जिंकतो मी, आणि सुखात हा! कुणाच्या पैशाचा, बंगल्याचा हेवा मी कधी केला नाही. ह्या माणसाच्या 'वा'चा मात्र केला, मनापासून केला.

कळस म्हणजे आमची सुमन. माझी बायको. मी चषक जिंकला त्या दिवशी ही लग्नाला गेली होती, नात्यातल्याही नव्हे. पण रंगाचा डाव ऐकायला दर रविवारी वेणीफणी करून तयार. "तुम्ही खेळता तेव्हा परीक्षेला बसल्यासारखे दिसता," म्हणायची. "रंगाभावजी सांगतात तेव्हा कशी गोष्ट ऐकल्यासारखी वाटते." एकदा वाटेत मी त्या पांढरेपाटलाच्या डावात खोट काढत होतो, तर स्कूटरवर मागे बसून ही हसत सुटली. "अहो, तो माणूस मरून किती वर्षं झाली! त्याच्यावर कसले जळता?"

जळत होतो खरा. म्हणून एकदा माझा अंतिम फेरीचा डाव घेऊन गेलो. त्यातही मी वजीर दिला होता, मोजून मापून. ओसरीवर गर्दी नाही असं बघून पट मांडला, एकेक खेळी दाखवली. रंगाने मन लावून पाहिलं. वजिराच्या खेळीला मी थांबलो. म्हटलं, आता येईल, आता येईल. तो म्हणाला, "चांगला हाय."

"चांगला? फक्त चांगला?"

"अरे, तुझं सगळं बरोबर हाय. पण समोरचा कुठाय यात? घाबरला, आणि राजा आडवा करून पळाला. तुझा डाव अर्धाच राहिला की." मग त्याने त्याचं ते पाठ झालेलं पुराण लावलं. काळेपाटलांचं. हत्तीच्या खेळीनंतर काळेपाटलांना आपली मात दिसली होती. तो हात पुढे करून उठू शकत होता. तो उठला, खोलीत एक चक्कर मारली, परत आला आणि पुढची खेळी खेळला. त्याच्या पुढचीही खेळला. साध्या प्याद्याने आपल्या राजाला मात होऊ दिली, सगळ्या सभेसमोर. "डाव रचला पांढऱ्याने," रंगा म्हणायचा, "पण पुरा केला काळ्याने. एवढा सुंदर डाव अर्धा कसा ठेवायचा, म्हणून तो माणूस हरत बसला. मन लागतं त्याला." हे शंभरदा ऐकलेलं. मी पट आवरला आणि घरी येऊन सुमनवर उगाच डाफरलो. जिंकणाऱ्याला 'वा' मिळतं, हरणाऱ्यालाही मिळतं, आणि मी समोर बसलोय त्याला 'चांगला हाय'!

तेरावं झाल्यावर मी वहिनींना भेटायला गेलो. ओसरीवर बबन बसला होता. पट कुणी हलवला नव्हता, फक्त सोंगट्या नीट मांडून ठेवल्या होत्या. बबनशी मी कधी धड बोललो नव्हतो. तो बाजाराच्या दिवशी जीप घेऊन नगरला यायचा, रंगाकडे जेवायचा आणि दोघांचं हसणं रस्त्यापर्यंत ऐकू यायचं. तेही मला खुपायचंच. आता काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "म्याबी खेळायचो बरं का मास्तरांसंगं. लई येळा हरवलंय त्यास्नी."

मला हसूच आलं. "तू? आणि मात केलीस रंगाला?"

"मात न्हाई, सर. मात व्हईपातुर डाव जायचाच न्हाई. येखादा घोडाबिडा गेला की मास्तर लगीच राजा आडवा करायचे. म्या म्हनायचो, खेळा की, अजून लई डाव हाय. तर म्हनायचे, 'बबन, आता फुडं बघन्यासारखं काय उरलं न्हाई. चल, जेवू.' समद्यांसंगं तसंच. त्ये इस्त्रीवाल्यासंगं, शाळंतल्या सरांसंगं..." मग त्याने सहज विचारलं, "तुमच्यासंगंबी तसंच आसंल की?"

पाण्याचा तांब्या समोर होता, तो उचलून मी घटाघटा पाणी प्यायलो.

म्हणजे त्याला रीत ठाऊक होती. सगळ्यांपुढे तो राजा आडवा करत होता, वेळेवर, जाणत्या माणसासारखा. फक्त माझ्यापुढे नाही. माझ्यापुढे तो एकटा राजा घेऊन पटभर पळायचा, मी टोमणे मारायचो, घड्याळ बघायचो, आणि तो म्हणायचा, "बघू तर दे." माझे डाव त्याला अर्धे ठेवायचे नव्हते. पांढरी तो मला का द्यायचा, त्या खुर्चीत का बसायचा... अरे देवा! स्टाफरूमपासून तो माझा काळेपाटील होऊन बसला होता, आणि मी त्या दूरदेशच्या मेलेल्या माणसाचा मत्सर करत होतो. मग शेवटच्या दिवशी मी काय केलं, तर दया म्हणून हत्ती सोडला. तो माझा डाव नव्हता. त्यात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून बबनपुढे करायचा तेच त्याने माझ्यापुढे केलं. रागावण्यासारखं काय होतं त्यात? आणि रागवायचंच तर त्याने रागवायचं, मी नव्हे.

बबन जीप घेऊन निघाला. वहिनी आत होत्या. मी माझ्या जागी, पांढऱ्यांच्या बाजूला बसलो आणि तो शेवटचा डाव मांडला. असल्या गोष्टी मी विसरत नाही. उघड्यावरचा माझा हत्ती, त्याचा उंट, त्याचा वजीर, सगळं जिथल्या तिथे. त्या दिवशी आडवा झालेला त्याचा काळा राजा आता उभाच ठेवला. मग समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे हात लांबवून त्याच्या उंटाने माझा हत्ती मारला. आता मात्र मी खरा खेळलो. जेवढं जमेल तेवढं लढलो, राजा वाचवायला प्यादी पुढे केली, घोडा आडवा घातला. पण हत्ती गेला तो गेला. त्याचा वजीर खाली उतरायला लागला तेव्हा मला मात दिसली. हात सवयीने राजाकडे गेला होता, आडवा करायला. मी तो मागे घेतला, उठलो, ओसरीवर एक चक्कर मारली आणि परत येऊन बसलो.

शेवटची खेळी त्याच्या वजिराने केली. माझा राजा कोपऱ्यात तसाच उभा राहिला, सुटायला एकही घर नाही. रंगाने मला केलेली पहिली मात. आणि माझ्या तोंडून, जे कधी निघालं नव्हतं ते मोठ्याने निघालं, "वा!"

"कुणाशी बोलताय, भावजी?" वहिनींनी आतून विचारलं.

"रंगाशी," मी म्हणालो. "चहा टाका, वहिनी. हरलो आज."