बोरकरांच्या गाडीचा कन्व्हर्टर

जुनी गाडी एक आणि तिच्याभोवती इंजिनिअर तीन, असं जमलं की किस्से मोजायचं सोडून द्यावं लागतं! ऐंशीच्या दशकात अमेरिकेत, पार्सिपनीला आमच्या अपार्टमेंटमागच्या पार्किंग लॉटमध्ये दर शनिवारी हेच चालायचं. वसंता बोरकर, मुळे आणि मी. गाडी वसंताची. तपकिरी, दहा वर्षं जुनी, बोटीएवढी लांब स्टेशन वॅगन.

वसंता नागपूरचा, मेटलर्जीतला पीएच.डी. गाडीला काही झालं की आधी थिअरी मांडणार, मग बॉनेट उघडणार.

* * *

त्या वर्षी गाडी इन्स्पेक्शनला नापास झाली. धूर फार घाणेरडा! काचेवर लाल स्टिकर लागला.

"त्यांचं मशीनच बंडल आहे यार," वसंता म्हणाला.

पण चढावर गाडी अशी दमायची, की एकदा पोस्टमन पायी तिला मागे टाकून गेला. जाताना हातसुद्धा हलवला त्याने!

हसण्यावारी नेण्यासारखं मात्र नव्हतं. वसंताच्या बायकोला, नलिनीवहिनींना, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली होती. केमिस्ट्रीत एम.एस्सी. करून चार वर्षं त्या घरी बसल्या होत्या. तिकडे बस जात नव्हती, म्हणजे लायसन्स हवंच. आणि लाल स्टिकरच्या गाडीत रोड टेस्ट घेत नाहीत! टेस्ट पंधरा दिवसांवर आलेली. ती चुकली तर पुढची तारीख दोन महिन्यांनी, तोवर नोकरी दुसऱ्या कुणाला तरी गेली असती.

* * *

आमचा शेजारी फ्रँक, निवृत्त ट्रक ड्रायव्हर. तो म्हणाला, "कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला असेल." म्हणजे गाडीच्या पोटाखालचा, धूर साफ करणारा डबा. "सडक्या अंड्याचा वास येतो का?"

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. मुळे पुण्याचा, पक्का शाकाहारी. "अरे, मी ताजं अंडं कधी हुंगलं नाही. सडकं कसं ओळखू?"

पण इंजिनिअर ना तो! 'रेफरन्स सँपल' हवं म्हणून डझनभर अंडी आणून बाल्कनीत उन्हात ठेवली. दोन-चार फोडूनही ठेवली. आठवडा गेला. रेफरन्स इतका पक्का झाला, की खालच्या मजल्यावरून कम्प्लेंट आली.

मिसेस मुळे म्हणाल्या, "या घरात एक तर ही अंडी राहतील, नाहीतर तुम्ही!"

मुळे विचारात पडला म्हणे.

* * *

उरला एक आठवडा. कन्व्हर्टर आतून तुंबलाय का, हे शोधायला वसंताने ग्राफ पेपर आणला. तो अक्षांना नावं देत होता, तेवढ्यात वहिनी पोळ्या अर्ध्या टाकून खाली आल्या. हातात लाटणं!

"अहो, जरा सरका."

गार पडलेल्या गाडीखाली वाकून त्यांनी डब्यावर लाटण्याने दोन ठोके दिले. आत खुळखुळ वाजलं.

"आतून फुटलाय. तुकडे पुढे जाऊन अडकलेत. इंजिनाला श्वास सोडता येत नाहीये, चढणार कसं ते?"

ग्राफ पेपर तसाच कोरा राहिला.

* * *

आता हा फुटला कशाने? जॅक काढायला मी डिकी उघडली, तर कोपऱ्यात एक नरसाळं.

"हे माझं तेलाचं नरसाळं! सहा महिने शोधतेय!" वहिनींनी ते हुंगलं. "अहो, यातून काय ओतलंत?"

वसंता माझ्याकडे बघत म्हणाला, "लेडेड पेट्रोल. इंजिनाला ताकद येते यार!"

शिसं घातलेल्या त्या पेट्रोलची नळी या गाडीच्या टाकीत शिरू नये, अशीच सोय असते. म्हणून हा पठ्ठ्या पंपावर 'लॉन मोअरला हवंय' सांगून कॅन भरून आणायचा. आमच्या अपार्टमेंटला गवताची काडी नव्हती!

"शिशाने कॅटॅलिस्ट मरतो, हे बी.एस्सी.च्या मुलींना कळतं. तुमची पीएच.डी. कशात हो?"

"मेटल्समध्ये," वसंता पुटपुटला.

"मग शिसं काय भाजी आहे?"

* * *

नवा कन्व्हर्टर आला, पण जुन्याचे नट गंजून घट्ट बसलेले. आम्ही आळीपाळीने पाना ओढला. मुळेची पाठ धरली, नट हलला नाही.

"भावजी, त्याच्याशी कुस्ती नका करू," वहिनी मला म्हणाल्या. त्यांनी गंज सोडवायचं तेल सोडलं. "लोणच्यासारखं मुरू द्या."

सकाळी त्यांनी एकटीने नट फिरवला. टाकी रिकामी करवली, शिशाने खराब झालेले प्लग बदलायला लावले. "नाहीतर न जळलेलं पेट्रोल आत जाऊन हाही जळून फुटेल!" आम्ही बॅटरीचा उजेड धरून उभे. खरं सांगतो, तिघांनाही स्वतःची लाज वाटत होती आणि वहिनींचा अभिमानही.

गाडी पास झाली. लाल स्टिकर खरवडताना वसंता गात होता!

* * *

रोड टेस्टला आम्ही तिघंही रजा टाकून हजर. कुंपणापाशी उभे. वहिनींनी पॅरलल पार्किंग एका दमात केलं. गाडी परत आली, तरी एक्झामिनर उतरेना. काहीतरी विचारत होता. वसंताचा चेहरा पडला. "गेली नोकरी!"

मग दार उघडलं. वहिनी कागद नाचवत आल्या. पास!

"इतका वेळ काय विचारत होता तो?"

"म्हणाला, इतकी जुनी गाडी आणि इंजिन इतकं स्मूथ! युवर हजबंड मस्ट बी अ मेकॅनिक."

वसंताची छाती फुगली. "मग? तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, नो सर, ही इज ओन्ली अ पीएच.डी.!"