बातम्या लागेपर्यंतचा खेळ

"नाडी बघू," म्हणून त्या आधी समोरच्याचं मनगट धरायच्या आणि मगच "कसं काय" विचारायच्या. समोर पेशंट असो, भाजीवाली असो, नाहीतर एसटीचा कंडक्टर असो. दोन बोटं मनगटावर, नजर स्वतःच्या घड्याळावर, आणि तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही. माझी नाडी त्यांनी पहिल्यांदा बघितली तेव्हा मी त्यांच्याच छपरावरून खाली उतरलो होतो आणि माझ्या हातात पक्कड होती.

"लय पळायलीय," त्या म्हणाल्या. "पोटात काई न्हाई तुमच्या. आधी दोन घास खा मिस्तरी, मग फिरवा तुमचा अँटेना."

पाथरीत सगळे त्यांना सिस्टर म्हणत. सरकारी दवाखान्यातल्या बाळंतपणाच्या खोलीत त्यांची उमर गेली होती. बाजारात कुणी तरणा पोरगा जोरात सायकल हाणत गेला की त्या म्हणत, "हा बी उलटाच आला व्हता." मी काही त्यांच्या हातात जन्मलेला नव्हतो. परभणीहून येऊन रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान घातलेला परका माणूस मी. त्या काळात परभणीच्या टॉवरवरून पाथरीपर्यंत येता येता चित्र पार दमून जायचं. उंच पाइप, त्यावर अँटेना, खाली बूस्टर, आणि वारा सुटला की पाइप सरळ करायला पुन्हा मी.

छपरावर उभं राहून "आलं का?" असं तुम्हीही कधीतरी ओरडून विचारलं असेल. मग तुम्हाला ठाऊक असेल, खालून येणाऱ्या उत्तरावरून घरात किती माणसं आहेत ते कळतं. कुठून पाच-सहा आवाज एकदम येतात, "आलं, आलं, गेलं!" सिस्टरच्या क्वार्टरमधून एकच आवाज यायचा. तोही शांत. "मुंग्या हायेत अजून."

नवरा लवकर गेलेला. एकच मुलगी, तीही नर्स, आणि ती कुवेतच्या एका दवाखान्यात नोकरीला. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली मुलीचा पांढऱ्या ड्रेसमधला फोटो, आणि कोपऱ्यात विणलेल्या झाकणाखाली तो छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. एका सुट्टीत मुलीने येताना व्हिडिओ गेमचा डबा आणला. काळा, पुस्तकाएवढा, त्याला दोन वायरी आणि हातात धरायच्या दोन दांड्या. तो टीव्हीला जोडायला मला बोलावलं होतं. मुलगी म्हणाली, "संध्याकाळी आईला करमत नाही. शेजारी जाऊन बस म्हटलं तर जात नाही."

"शेजारी गेलं की लोक दुखनीच सांगत्यात," सिस्टर म्हणाल्या. "ड्यूटी सुटतच न्हाई."

मुलगी कुवेतला परत गेल्यावर महिनाभराने वायर बघायला गेलो, तर सिस्टर खाटेवर मांडी घालून बसलेल्या, चष्मा नाकावर, दांडी दोन्ही हातांत घट्ट. पडद्यावर वरून विमानं येत होती, खाली घरांची एक रांग होती, आणि त्या घरांवर काही पडू न देता विमानं पाडायची होती. सिस्टर त्या विमानांशी बोलत होत्या. दवाखान्यात जसं बोलायच्या तसंच.

"हलू नगं. हलू नगं म्हनलं ना. एकच बारीक सुई हाय. हां... झालं!"

विमान फुटायचं आणि त्या मनापासून हसायच्या. दुसरी दांडी मला दिली. मी तीन डाव हरलो. "तुमचा हात कापतो मिस्तरी," त्या म्हणाल्या. "तुमाला दवाखान्यात कुनी ठिवनार न्हाई." त्यानंतर त्या बाजूला काम निघालं की मी एक डाव खेळून यायचो. मीही तेव्हा एकटाच खोली घेऊन राहत होतो, हे सांगायला आता हरकत नाही.

त्या श्रावणात दुकानातल्या रेडिओवर ऐकलं, इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. दुकान तसंच उघडं टाकून मी दवाखान्यात गेलो. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. बाळंतपणाच्या खोलीचं दार थोडं उघडून त्या म्हणाल्या, "पोरगी अडलीय हितं. थांबा." मी बाकावर थांबलो. बऱ्याच वेळाने बाळाचं रडणं ऐकू आलं, आणि आणखी थोड्या वेळाने त्या हात धूत बाहेर आल्या.

"कुवेत केवढं हाय हो? आपल्या जिल्ह्याएवढं असंल का?"

"असेल. थोडं मोठं असेल."

"मंग एवढ्यात कुटं लपायचं मानसानं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा आत गेल्या.

पत्रं बंद झाली. फोन लागत नव्हता. सिस्टरने गेमचा डबा धुतलेल्या नऊवारीत गुंडाळून ट्रंकेत टाकला. "ह्यात विमानं हायेत. नगं वाटतं," एवढंच म्हणाल्या. ड्यूटी एक दिवसही चुकवली नाही. पण संध्याकाळ झाली की बातम्यांना अजून तास-दीड तास असायचा, आणि तो काढणं त्यांना जमेना. भांडी घासून झाली की घासलेलीच भांडी परत घासायच्या. पंधरा दिवसांनी डबा ट्रंकेतून बाहेर आला.

एकदा मी दारात उभा असताना त्यांनी एका दमात सगळी विमानं पाडली. त्या टाळी वाजवून हसल्या, मागं वळून मला म्हणाल्या, "बघितलं का!" आणि लगेच त्यांचा चेहरा उतरला. दांडी खाली ठेवली. पदराने हात पुसले, जणू काही लागलं होतं हाताला.

"मी हसायले, मिस्तरी," त्या म्हणाल्या. "पोरगी जित्ती हाय का न्हाई ते ठाऊक न्हाई, अन् मी हसायले."

मी डब्याची वायर काढून अँटेनाची वायर जोडली. बातम्या लागल्या.

त्यानंतर त्यांच्या टीव्हीला सारखं काहीतरी व्हायला लागलं. एक दिवसाआड दवाखान्याचा शिपाई निरोप घेऊन यायचा, "सिस्टरच्या टीव्हीत मुंग्या हायेत." मी जायचो, तर अँटेनाची वायर टीव्हीमागून निघालेली असायची. तिथं सोल्डर मारलं. तरी निघाली. स्क्रू घट्ट आवळला. तरी निघाली. पाचव्या की सहाव्या वेळी मी म्हणालो, "सिस्टर, ही वायर आपोआप निघत नाही. कुणीतरी काढतंय."

"मीच काढते," त्या शांतपणे म्हणाल्या. "बातम्या एकटीला बघवत न्हाईत."

मी हत्यारांची पिशवी खाली ठेवली. त्या दिवसापासून निरोप यायचा बंद झाला आणि मी रोज जायला लागलो. बातम्यांत वाळवंट दिसायचं, तंबू दिसायचे, बोचकी घेऊन उभे असलेले आपले लोक दिसायचे. सिस्टर पडद्याच्या अगदी जवळ जाऊन एकेक चेहरा बघायच्या. एका संध्याकाळी त्यांनी आपणहून सांगितलं. विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत त्यांच्या भावाच्या गावातली वस्ती पेटवली होती. त्या दवाखान्यात ड्यूटीवर होत्या. रस्ते बंद. भाऊ, भावजय, लेकरं कुठं आहेत ते चार दिवस कळलं नाही. चौथ्या दिवशी सगळे जण उसाच्या फडात सापडले, उपाशी, पण जिवंत.

"तवा काईच दिसत नव्हतं," त्या म्हणाल्या. "आता सगळं दिसतंय. पन आपलं मानूस तेवढं दिसत न्हाई."

दिवाळी जवळ आली तेव्हा पत्र आलं. तिकीट आपल्याकडचं, शिक्का मुंबईचा. कुवेतहून सुटून आलेल्या कुणा ड्रायव्हरने ते खिशातून आणून मुंबईत टपालात टाकलं होतं. सिस्टरने ते उभ्यानेच वाचलं आणि माझ्या हातात दिलं. मुलीने लिहिलं होतं, मी बरी आहे. देशाबाहेर नेणाऱ्या बसमध्ये जागा मिळाली होती, ती मी दुसरीला दिली. वॉर्डात हलवता न येणारे पेशंट आहेत आणि आम्ही मोजक्याच जणी उरलो आहोत. आई, रागावू नकोस.

"रागावू नगं म्हनतीय," सिस्टर म्हणाल्या. "का रागावू नगं?" त्यांचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला. मग त्या खाटेवर बसल्या. "ही सहा वर्षांची व्हती. अंगात ताप. तिकडं खेड्यात गॅस्ट्रोची साथ. मी हिला शेजारणीच्या वटीत घातलं अन् अकरा दिवस गेले. परत आले तर ही बोलंना माझ्यासंग. हिला शिकवलं कुनी? मीच की." माझ्या हातातलं पत्र त्यांनी परत घेतलं आणि त्याची घडी घातली. "चुकीचं शिकवलं का हो मी?"

बातम्यांची वेळ झाली होती, मी टीव्ही लावला.

संक्रांत झाली आणि खरी लढाई सुरू झाली. माझ्या दुकानात दोन टीव्ही चालू असायचे, त्यामुळे दिवेलागणीला रस्त्यावर गर्दी जमायची. पडद्यावर काळं आभाळ आणि त्यात वर चढणारे उजेडाचे ठिपके. कुणीतरी म्हणालं, "आयला, व्हिडिओ गेमच हाय हा!" लोक हसले. एखादा ठिपका मोठा होऊन फुटला की पुढची पोरं टाळ्या पिटायची. गर्दीच्या मागे सिस्टर उभ्या होत्या. ड्यूटी सुटल्यावर थेट आलेल्या, पांढऱ्या साडीवर स्वेटर. मी टीव्ही बंद करायला हात नेला, तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं. बातम्या संपेपर्यंत त्या तिथंच उभ्या राहिल्या.

गर्दी पांगल्यावर मी त्यांना घरापर्यंत सोडायला निघालो. अर्ध्या रस्त्यात त्या म्हणाल्या, "त्या उजेडाखाली एकादा दवाखाना असंलच की."

"हो."

"तरी मला बी बघावंसं वाटत व्हतं मिस्तरी. फुटलं की डोळं आपोआप तिकडंच जायले. त्या लोकांला काय नावं ठिवायची."

लढाई संपली. महिन्याभराने दवाखान्याच्या फोनवर मुलीचा आवाज आला. सिस्टरने तिचं ऐकून घेतलं, "जेवतीस का?" एवढंच विचारलं, आणि फोन तुटला. उन्हाळ्यात मुलगी आली. फार वाळलेली. दार जोरात लागलं तरी दचकायची. आठच दिवस राहिली आणि परत गेली. पुढच्या उन्हाळ्यात आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कुणी विचारलं तर सिस्टर म्हणायच्या, "सुट्टी मिळंना तिला." मी जायचो, आम्ही एखादा डाव खेळायचो, पण त्यांचं लक्ष नसायचं. आता विमानांशी त्या बोलत नव्हत्या.

विद्यापीठाचं नाव एकदाचं बदललं त्या हिवाळ्यात, एका सकाळी ड्यूटीवर जाण्यासाठी साडी नेसता नेसताच त्या गेल्या. रिटायर व्हायला थोडेच महिने उरले होते. मुलगी पोचली ती पाचव्या दिवशी. क्वार्टर आवरून झाल्यावर ती माझ्या दुकानात आली आणि स्टुलावर बसली.

"तुम्ही रोज यायचात म्हणे, लढाईच्या दिवसांत."

"हो."

"मी आले होते तेव्हा आईला विचारलं होतं, इतके महिने तू काय करत होतीस? म्हणाली, टीव्ही बघत होते, गेम खेळत होते, मजेत होते." ती हातातल्या रुमालाला पीळ घालत होती. "मला फार राग आला. मी तिकडे काय काय बघत होते, आणि ही खेळत होती. म्हणून आठ दिवसांत निघाले. नंतर सुट्टी होती तरी आले नाही. दोन वर्षं."

मग मी तिला सगळं सांगितलं. काढून ठेवलेल्या वायरीचं, पडद्याजवळ जाऊन चेहरे शोधण्याचं, उभ्याने वाचलेल्या पत्राचं. शेवटी तिने विचारलं, "म्हणजे मजेत होते हे खोटं होतं?"

हो म्हणणं सोपं होतं. तिलाही बरं वाटलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "खेळताना हसायच्या. खरंच हसायच्या. अन् त्याचीच त्यांना लाज वाटायची."

ती उठली, दुकानाच्या पाठीमागच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. मी रस्त्याकडे बघत बसलो. दुपारच्या गाडीने ती परभणीला गेली. मी तिला स्टँडवर पोचवलं, बॅग वर ठेवली. गाडी निघाली तेव्हा ती खिडकीतून काहीतरी म्हणाली, पण इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही.

परत येताना क्वार्टरवरून आलो. दाराला कुलूप होतं. पायरीवर एक म्हातारी आणि तिची पोटुशी सून बसली होती. कुठल्या तरी लांबच्या खेड्यातून चालत आलेल्या, पाय धुळीने भरलेले. भाकरीचं गाठोडं शेजारी ठेवलेलं.

"दवाखान्यात दुसरी बाई हाय म्हनत्यात," म्हातारी म्हणाली. "पन आमाला सिस्टरच पायजे. माझी समदी लेकरं त्यांच्याच हातावर झाली. कवा येतील हो त्या?"

मी गाठोडं जरा बाजूला सरकवलं आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.