फ्रूट सॅलडची बॅच

स्वयंपाकाचे क्लास सुरू केले तेव्हा वाटलं होतं, वह्या भरतील त्या रेसिपींनी. प्रत्यक्षात रेसिपी चार ओळींची आणि तिच्यामागचा किस्सा चार पानांचा! सोलापुरात भवानी पेठेत माझ्या घरी, पुढच्या खोलीत, दुपारी क्लास असतो. त्यातही फ्रूट सॅलडच्या बॅचनं जेवढं हसवलं, तेवढं पुरणपोळीच्या बॅचनंसुद्धा नाही. पदार्थ तसा सोपाच. दूध, साखर, कस्टर्ड पावडर. गार झालं की क्रीम आणि फळं. "चुकायला जागाच नाही," असं पहिल्या दिवशी मी सांगितलं. फार ठासून सांगितलं!

*

पद्मा म्हणजे तेलुगू विणकरांच्या घरातली नवी सून. पावडर आधी गार दुधात कालवायची असते. हिनं घरी ती सरळ उकळत्या दुधात टाकली. गुठळ्याच गुठळ्या! पाहुणे जेवायला बसलेले. सासूबाईंनी विचारलं, "हे काय गं?" पद्मा घाबरून म्हणाली, "खवा घातलाय."

पाहुण्यांनी मागून मागून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी ती रडवेली होऊन आली. मी म्हटलं, "गुठळ्या कशा टाळायच्या, परत दाखवते."

"टाळायच्या न्हाईत, मॅडम! रविवारी नणंदेच्या घरचे येणारेत. तसल्याच गुठळ्या मुद्दाम कशा करायच्या, तेवढं शिकवा की!"

*

शरणव्वाचं माहेर वळसंग. धाकटा भाऊ स्वतःच्या शेतातली द्राक्षं घेऊन आला. द्राक्षं आंबट, पण माहेरची! हिनं मायेनं सगळी घातली, तीही गरम दुधातच. दूध फाटलं. बिचारी ओट्यापाशी उभी राहून रडायला लागली.

भाऊ आत आला. पातेल्यात बघितलं, आक्काच्या तोंडाकडं बघितलं. मुकाट्यानं वाटी भरून घेतली, संपवली, दुसरी घेतली.

"आक्का," म्हणाला, "श्रीखंड लई भारी झालंय!"

*

माझंही एकदा हसं झालं. मे महिना, सोलापूरचा उन्हाळा. क्रीम घोटून दाखवायचं होतं. मिक्सर चालू केला आणि गप्पांत रंगले. झाकण काढलं तर आत लोण्याचा गोळा! सगळ्या टकमक बघतायत.

बॅचमधल्याच, शेजारच्या रेहानाभाभींनी वाकून बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, सॅलड नक्को अब. कडक भाकरी मंगाव!"

त्या दिवशी सगळ्यांनी भाकरी, लोणी आणि शेंगाचटणी खाल्ली. फीची वसुली म्हणतात ती ही!

*

बॅचमध्ये पुरुष एकच, निवृत्तीमामा. मूळ मोडनिंबचे. जन्मभर ट्रक चालवला. पहिल्याच दिवशी त्यांना गॅससमोर उभं केलं आणि सांगितलं, "मंद आचेवर ढवळत राहा." तेवढ्यात माझा फोन वाजला. बोलून परत आले तर दूध आटून निम्मं झालेलं आणि मामा पातेल्यावर नजर रोखून ढवळतायत.

"अहो मामा, थांबायचं की! मला हाक तरी मारायची!"

"मॅडम, स्टेअरिंग हातात असलं की हिकडंतिकडं बघायचं नसतं!"

*

मामांना आम्ही फार चिडवायचो. एकदा पद्मानं विचारलं, "मामा, घरी करणारं कुणी न्हाय व्हय?"

"करणारी हाय की. पन हात चालंना तिचा."

मग कळलं. मामींना अर्धांगाचा झटका आला होता. तेव्हापासून वाचाही गेलेली. सगळं कळायचं, नुसत्या बघत राहायच्या. चावता यायचं नाही. लग्नाच्या पंगतीत त्या फ्रूट सॅलड आवडीनं मागून घ्यायच्या, एवढं मामांच्या लक्षात होतं. म्हणून हा क्लास. नंतर त्यांना कुणी चिडवलं नाही. उलट रेहानाभाभींनी त्यांना चिकू अगदी बारीक कुस्करायला शिकवला.

एका दुपारी क्लास चालू असताना मामांचा फोन. धाप लागलेली.

"बोलली, मॅडम! ही बोलली!"

मी स्पीकर लावला. सगळ्या भोवती गोळा झाल्या.

"काय म्हणाल्या, मामा?"

"पैला चमचा भरवला. माझ्याकडं बघितलं. लई अडखळली, आन म्हनली, साखर कमी हाय!"

शरणव्वानं पदर डोळ्यांना लावला. मी मास्तरणीच्या सवयीनं म्हटलं, "मग घाला की, मामा, अजून दोन चमचे!"

"छ्या, छ्या! उद्या बी कमीच घालतो की! परत बोलंल ती!"