खंडेनवमीची हळद

माझा चुंबक टाचणीसुद्धा उचलत नाही. डिस्प्रोशियम नावाच्या धातूभोवती सेंद्रिय रेणू गुंडाळून मी तो बनवते. त्याची रूपं दोन, उजव्या-डाव्या हातासारखी, एकमेकांची आरशातली प्रतिमा. अतिनील दिव्याखाली दोन्ही अंधुक पिवळी उजळतात. पण चुंबकासारखं वागायला त्यांना भयंकर थंडी लागते. थळच्या कोळीवाड्यात घरी हे सांगितलं तर बाबा म्हणाले, "होडीतला बर्फ ने की. मावरं टिकतं, तुझा चुंबक न्हाय टिकनार?"

पीएचडीची मुदत संपत आली होती. दसरा झाला की समिती येणार, नमुने बघणार आणि पटलं तर एक वर्ष वाढवून देणार. नाही पटलं, तर इतक्या वर्षांचं मुसळ केरात. मी सणाला घरी गेले आणि इकडे माझ्या गाईड सरांनी प्रयोगशाळेत खंडेनवमी केली. आमच्या सरांचा यंत्रांपेक्षा पूजेवर भरवसा जास्त. तराजू, पंप, फ्रिज, सगळ्यांना ओल्या हळदीची बोटं लागली. माझ्या बाटल्याही सुटल्या नाहीत.

समिती आली. पडदे ओढले, सरांनी अतिनील दिवा लावला आणि बाटल्या अशा लखलखल्या की माझाच विश्वास बसेना. समितीच्या बाई म्हणाल्या, "वा, फारच सुंदर." सर असे हसले जणू रेणू त्यांच्या पोटी जन्मले. मी वाकून पाहिलं. उजेड बाटलीत नव्हता, काचेवर होता, दोन बोटांचा. हळद या दिव्याखाली चमकते हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ठाऊक असतं. सर पहिल्या वर्षाला शिकवत नाहीत.

माझं डोकंच फिरलं. "ही पूजेची हळद आहे," मी म्हणाले आणि ओल्या रुमालानं बाटल्या पुसल्या. आत माझा खरा पिवळा उजेड होता, डोळे ताणून बघावा असा. कुणी ताणले नाहीत.

"मग पुसलीत कशाला?" बाईंनी विचारलं.

चार दिवसांनी निर्णय आला. वर्ष मिळालं, अट एकच, पुसण्याआधी दाखवलेल्या तेजस्वी नमुन्यावरच काम करावं. बाबांनी शेजारी पेढे वाटले. मला रडू येत होतं. सर मात्र खुशीत होते. खुर्ची ओढून जवळ बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "अगं, त्या हळदीत चुंबकाचं काही निघतं का, बघ ना जरा."