चौदा नंबरची कोंबडी

कुणी हात मिळवायला पुढे आलं की काका तो हात धरायचे, उलटा करायचे, तळवा उजेडाकडे नेऊन बघायचे आणि विचारायचे, "घाम येतो का हाताला?"

समोर कोण आहे याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. बँकेचा मॅनेजर असो, एसी दुरुस्त करायला आलेला माणूस असो. उत्तर काहीही येवो, काका खिशातून घडी घातलेला पांढरा रुमाल काढायचे आणि म्हणायचे, "आधी पुसा. मग बोलू."

जगातल्या माणसांचे त्यांनी दोन भाग केले होते. एक कोरडे आणि दुसरे गंजकर, म्हणजे ज्यांच्या घामानं लोखंड गंजतं ते. मी गंजकर. नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला तसं सांगितलं, आणि नंतर दोन वर्षं मी त्यांच्या खोलीत सुती हातमोजे घालूनच गेले.

ही नोकरी म्हणजे आखातात, अल कूजमधल्या एका खासगी संग्रहालयातली. एका वयस्कर अमिराती गृहस्थांना जुन्या वस्तू जमवण्याचा नाद होता. आम्ही सगळे त्यांना अरबाब म्हणायचो, म्हणजे मालक. त्यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या वीस ऑटोमॅटिक रायफली मिळवल्या होत्या. रीतसर परवान्यानं आणलेल्या, नळ्या कायमच्या बंद केलेल्या, आतले भाग वेल्डिंग करून टाकलेले. शोभेपलीकडे त्यांचा काही उपयोग नव्हता. पण अवस्था इतकी वाईट होती की शोभेलाही त्या नालायक होत्या. त्यांना माणसात आणायला अरबाबनं काकांना नेमलं, आणि त्यांच्याखाली लावायच्या पाट्या लिहायला मला.

काकांचा बंदुकांशी आयुष्यात कधी संबंध आला नव्हता. ते मूळचे सांगलीचे. रुवैसच्या रिफायनरीत पाइपांचा गंज तपासण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. निवृत्तीनंतर मरीनाला मुलीकडे राहायला आले आणि चार महिन्यांत तिच्या बाल्कनीचा कठडा, शेजाऱ्यांच्या सायकली आणि जिममधली वजनं तपासून मोकळे झाले. मुलीनंच मग हे काम शोधून दिलं. "मॅम, प्लीज कीप हिम बिझी," असं ती मला फोनवर म्हणाली होती.

"काका, तुम्ही कधी बंदूक चालवली आहे का?" मी एकदा विचारलं.

"छे. दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूलसुद्धा धाकटा भाऊ उडवायचा. मी कानात बोटं घालून बसायचो."

एकदा सुट्टीच्या दिवशी माझी मुलगी माझ्याबरोबर आली. टेबलावर पडलेलं ते अवजड धूड बघून तिनं डोळे मोठे केले. "अंकल, डझ इट वर्क?"

"नो बेटा," काका मेणाचं फडकं फिरवत म्हणाले. "पेन्शनर."

काम करताना ते अतिशय हळू असत. मऊ ब्रश, जवसाचं तेल, मेण आणि कापसाचे बोळे एवढंच त्यांचं सामान. गंज निघाला पाहिजे, पण ओरखडा गेला नाही पाहिजे, असा त्यांचा हट्ट. "गंज हवेनं केलाय, तो आपला शत्रू. ओरखडा माणसानं केलाय. तो काढणारे आपण कोण?"

आमच्या गोष्टीतली कोंबडी याच हट्टातून आली.

चौदा नंबरच्या रायफलीचा लाकडी दस्ता इतका मळलेला होता की लाकूड आहे की डांबर हे कळत नव्हतं. काका तीन दिवस पुसत होते. चौथ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. दस्त्याच्या डाव्या अंगाला कुणीतरी चाकूच्या टोकानं एक पक्षी कोरला होता. फुगीर पोट, उभी शेपटी, आणि पाय एकच. दुसरा पाय कोरायच्या आधी बहुधा कुणीतरी हाक मारली असावी.

मी पाटीच्या मसुद्यात "पक्ष्याचं चित्र" असं लिहिलं. काकांनी ते खोडलं.

"पक्षी काय? कोंबडी आहे ती."

"कोंबडा असेल, काका."

"तुरा बघ केवढासा आहे. आमच्या घरी होत्या, मला ओळखू येतात."

मग चित्राकडे बघत म्हणाले, "भूक लागली असेल गं त्याला. नाहीतर घर आठवलं असेल. कुणी उगाच कोंबडी काढतं का बंदुकीवर?"

दालन उघडायला महिना उरला तेव्हा अरबाबनं मांडणी सल्लागार म्हणून एक गृहस्थ आणले. सूट फार सुंदर, बूट त्याहून सुंदर. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. वीसही रायफली आरशासारख्या चकचकीत, खालून निळे दिवे. "सर, पियानो फिनिश," ते म्हणाले. अरबाब खूश झाले. सगळे दस्ते मशीननं घासायचे आणि त्यावर जाड वॉर्निश चढवायचं असं ठरलं.

"पियानो," काका एवढंच म्हणाले. हात मिळवायला आलेल्या सल्लागाराला त्यांनी घामाबद्दलही विचारलं नाही, तेव्हा मी खरोखर घाबरले.

त्यानंतर त्यांनी चालढकल सुरू केली. अरबाबनं विचारलं, दस्ते घासायला कधी देणार? काका म्हणाले, इन्शाल्ला. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं. पुन्हा इन्शाल्ला. शेवटी अरबाब माझ्याकडे वळून म्हणाले, "ये आदमी मेरे से जास्ती अरब हो गया." आणि सोमवारी सकाळी घासणारा कारागीर येईल, काकांना मान्य असो वा नसो, असं सांगून निघून गेले.

त्या संध्याकाळी काका खोलीत चौदा नंबर पुढ्यात घेऊन बसले होते. "कोंबडी गेली की काय उरेल सांग?" त्यांनी विचारलं. "नुसती बंदूक उरेल." अरबाबला जाऊन सांगावंसं वाटलं, पण पाट्या लिहिणाऱ्या बाईचं कोण ऐकणार?

सोमवारी मी पोचले तेव्हा कारागीर मशीन घेऊन हजर होता. सल्लागार होते, अरबाब होते, आणि परवाने तपासायला आलेले एक सरकारी अधिकारीही होते. उद्घाटनाआधी ही तपासणी व्हायचीच होती. ती नेमकी त्याच दिवशी आली. अधिकाऱ्यांनी रायफली मोजायला सुरुवात केली.

एकोणीस.

पुन्हा मोजल्या. एकोणीसच. चौदा नंबरचा स्टँड रिकामा होता.

या देशात एक बंदूक कमी भरणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. मग ती पेन्शनर का असेना. अरबाबचा चेहरा उतरला. सल्लागार दोन पावलं मागे सरकून भिंतीला टेकले, जणू ते या इमारतीत चुकून शिरले होते. मी पॅन्ट्रीकडे धावले. काका बिस्किट चहात बुडवत होते.

"काका, चौदा नंबर कुठे आहे?"

"कपाटात."

"कुठल्या कपाटात? अहो, तिकडे सगळ्यांचा जीव टांगणीला लागलाय."

"थांब, बिस्किट पडेल."

बिस्किट संपवून, तोंड पुसून काका रजिस्टर काखेत मारून दालनात आले. शुक्रवारची नोंद उघडून त्यांनी अधिकाऱ्यांपुढे धरली. चौदा नंबर, खोली तीन, कुलूपबंद कपाट, कारण लाकडात ओल, किल्ली सुरक्षा अधिकाऱ्याकडे. खाली दोघांच्या सह्या. किल्ली आली, कपाट उघडलं, रायफल टेबलावर आली.

अधिकाऱ्यांनी परवान्याची फाइल काढली आणि वर्णनाचा कागद ताडून बघू लागले. वाचता वाचता ते थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"दजाजा?" त्यांनी विचारलं.

"दजाजा," काका गंभीरपणे म्हणाले आणि बोट ठेवून दाखवलं. कागदावर लिहिलं होतं, दस्त्याच्या डाव्या बाजूस कोंबडी, एक पाय, लांबी चार सेंटिमीटर.

अधिकाऱ्यांनी पट्टी मागवली आणि मोजलं. चार सेंटिमीटर.

मग त्यांनी कारागिराच्या मशीनकडे पाहिलं आणि हे कशाला, असं विचारलं. सल्लागारांनी पियानो समजावून सांगितला. अधिकारी शांतपणे म्हणाले की कागदावरची ओळखखूण वस्तूवर दिसली पाहिजे. ती पुसायची असेल तर पुसा, पण मग कागद नव्यानं करावे लागतील. त्यांनी बाकीचे कागदही चाळले. वीसही रायफलींच्या प्रत्येक खड्ड्याची, प्रत्येक ओरखड्याची नोंद तिथे होती.

"किती वेळ लागेल?" अरबाबनं अरबीत विचारलं.

"दोन महिने. जास्तही लागू शकतील," अधिकारी म्हणाले.

उद्घाटन आठ दिवसांवर होतं. अरबाबनं काकांकडे बराच वेळ पाहिलं. काका छताकडे बघत होते.

"खलास," अरबाब म्हणाले. "पियानो कॅन्सल."

नंतर मी काकांना विचारलं, ही वर्णनं तुम्ही कधी दिलीत? म्हणाले, "कोंबडी सापडली त्याच आठवड्यात सगळी एकदम परवान्याच्या ऑफिसात पाठवली. रुवैसला एक गोष्ट शिकलो बघ. पाइपवरचा डाग एकदा कागदावर आला की त्याला हात लावायची कुणाची हिंमत होत नाही."

उद्घाटनाला पाहुण्यांची गर्दी चौदा नंबरपुढेच होती. अरबाब स्वतः उभे राहून प्रत्येकाला सांगत होते, "मैंने पहले दिन बोला था, ये मुर्गी को कोई हाथ नहीं लगाएगा." काका सामोशाची बशी घेऊन मागे उभे होते आणि दर वेळी मान डोलावत होते, जणू त्यांनी हे स्वतः ऐकलं होतं.

पुढच्या वर्षी काकांनी काम सोडलं. काकूंना कोकणात समुद्राकाठी राहायचं होतं. गंजाशी आयुष्यभर भांडलेल्या माणसानं खाऱ्या हवेत घर बांधलं, याचं मला फार हसू यायचं. काकांच्या जागी कुणी आलं नाही. त्यांच्या खोलीत आता खुर्च्या ठेवतात. मला तिथे जायचं काही कारण नसतं, पण दारावरून जाताना जवसाच्या तेलाचा वास येतो का, हे मी उगाच बघते. येत नाही.

गेल्या मे महिन्यात सुट्टीवर गेले तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्या घरी गेले. ओटीवर सगळ्या गावाचं लोखंड मांडलेलं होतं. कोयते, बिजागऱ्या, सायकलच्या चेन, एक होडीचा नांगर. मधोमध काका मांडी घालून बसले होते आणि त्यांच्या मांडीवर एक विळी होती. समोर एक बाई कमरेवर हात ठेवून उभी.

"काका, तीन आठवडे झाले. मला नारळ खवायचाय."

"ही तुमच्या सासूबाईंची ना?"

"हो."

"पाटावर त्यांच्या पायाची झीज आहे बघा. ती मी घालवणार नाही."

"ठेवा हो झीज. विळी द्या."

काका तिला पाटावरची ती खोलगट जागा दाखवू लागले. बाई आधी नाइलाजानं वाकली, मग खाली बसली, मग पदरानं डोळ्यांच्या कडा टिपत म्हणाली की सासूबाई बसायच्या खऱ्या अशाच, उजवा पाय दुमडून. दोघंही त्या पाटावर वाकलेले. मी आल्याचं काकांना कळलंच नव्हतं. काकूंनी मला आत नेऊन सरबत दिलं. माझी गाडी सुटायची वेळ झाली तेव्हा ओटीवर आणखी दोन बायका येऊन बसल्या होत्या, आणि काकांची नुसती पाठ दिसत होती.