न माळायची फुलं

फूल लावायलाही सौभाग्य लागतं, हे तुम्हाला कोणत्या शास्त्रात सापडलं? आमच्या धानोऱ्यात ते सगळ्यांना पाठ होतं. शेजारची जीजी विधवा होऊन माहेरी आली आणि तिनं परसात मोगरा लावला, तेव्हा तिच्या थोरल्या भावानं, म्हणजे नानांनी, तो उपटून धर्म वाचवला. नाना मोठे देशभक्त. स्वराज्याच्या सभेत खादी घालून पुढच्या सतरंजीवर बसत.

जीजी भांडली नाही. "ज्या फुलले कोनी डोकामा घालत नही, देवले वाहत नही, तेच लावसू," एवढंच म्हणाली. बाजाराला मध घेऊन येणाऱ्या तोरणमाळच्या बाईकडून तिनं कंद मागून आणले. कुंपणावर कळलावी पेटली. कोपऱ्यात फड्या निवडुंग पिवळाधमक फुलला. आणि जंगली सुरण! पान नाही, देठ नाही, जमिनीतून थेट जांभळं फूल, चुरगळलेल्या पागोट्यासारखं. गावातल्या जाणत्यांची पंचाईत झाली; असल्या फुलांना बंदी करावी, हे कुणाच्या पूर्वजांना सुचलंच नव्हतं.

मी बघायला गेलो की ती बजावायची, "हात लावू नको, भाऊ. कळलावी जहर शे. म्हनीसन तिले कोनी उपटत नही."

नानांच्या मुलीला पाहायला तळोद्याहून पाहुणे आले. शुभकार्यात दिसू नये म्हणून जीजीला रीतीप्रमाणे परसात दडवलं. नेमका त्याच सकाळी सुरण फुलला. मेलेल्या उंदरासारखा वास पोह्यांच्या बश्यांपर्यंत पोचला. नानांनी अत्तर शिंपडलं. त्यानं तो वास फक्त श्रीमंत झाला. शेवटी मुलाचे वडीलच नाकाला उपरणं लावून माग काढत परसात गेले.

"हाई काय शे, बाई?"

"सुरणनं फूल शे, भाऊ. वास मरेल उंदिरना येस, पन रूप देखा, राजानं शे."

ते खाली उकिडवे बसले. उपरणं नाकावरून कधी निसटलं, त्यांना कळलं नाही. धोतराला माती लावून ओट्यावर परतले आणि म्हणाले, "ज्या घरमा आशी बाग शे, त्या घरनी पोर आम्हले पसंत शे."

दुसऱ्या दिवशी नाना कुदळ घेऊन परसात उतरले. "रांडमुंड बाईना हातनी सोयरीक जुळनी, आसं लोके म्हनतीन," ते म्हणाले.

जीजीनं विचारलं, "तुन्ही पोरनं भलं झायं ना, दादा? मंग उपट."

लग्न थाटात झालं. जीजी मागच्या दाराशी, उघड्या मातीकडे तोंड करून, तांदूळ निवडत होती. त्याच हिवाळ्यात ती तापानं गेली. तेराव्याला नानांनी गावजेवण घातलं आणि बहिणीच्या आठवणीनं सर्वांदेखत डोळे पुसले.

वाचकहो, तुम्ही कृपा करून डोळे पुसू नका. पुढच्या वेळी तुमच्या घरी पाहुणे येतील, तेव्हा मागच्या दाराशी कुणाला बसवलंय ते पाहा, आणि तिचा हात धरून तिला पुढच्या ओट्यावर आणा.