ठोकळे मोजता मोजता बैल गेला

म्हशाची जत्रा होती की मुरबाडचा बाजार, आता छातीठोक सांगवत नाही. स्वतःच्या आठवणीवर माझा कधीच भरवसा नव्हता. पण माझी शोभा बैलबाजारात झाली, एवढं नक्की. ऐकाच!

गणितात डॉक्टरेट केलेला मी, आमचा पवळ्या विकायला उभा. बायकोने बजावलं होतं, "किसनलाच द्या. तो जीव लावील त्याला. व्यापाऱ्याकडे गेला तर घरी येऊ नका!"

किसन किन्हवलीचा शेतकरी. दुबईतल्या त्याच्या मुलाने ब्लॉकचेनवरून, म्हणजे नोंदींच्या ठोकळ्यांच्या साखळीवरून, पैसे पाठवले. माझ्या फोनवर दिसलेसुद्धा.

"मास्तर, पैसं आलं ना? मंग द्या हात!"

"आलेत रे, पण पक्के नाहीत. साखळीत त्यांच्यावर आणखी सहा ठोकळे चढू देत. तोवर व्यवहार उलटू शकतो. उलटला तर बैलही गेला, पैसेही!"

"ठोकळं? बैल विकताय का घर बांधताय?"

"थांब जरा."

"आमच्यात हातावर हात पडला का झालं. मंग बापाला बी उलटवता येत नाय. बसा तुमी मोजत!"

तो तणतणत चहाला गेला. आणि मी खरंच मोजत बसलो! डाव्या हातात फोन, घामेजलेला उजवा हात मांडीवरच्या उपरण्याखाली. बाजारात रेंज कसली? फोनवरचं पान रडतखडत हलायचं. ठोकळ्यांचा आकडा वाढला की मी एक बोट उघडायचो.

आता, आमच्याकडे बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत हो. कापडाखाली बोटं धरून ठरवतात! एक व्यापारी शेजारी टेकला, उपरण्यात हात घातला, माझी बोटं चाचपली.

"तीन?"

"हो, तीन झाले," मी फोनमध्ये बघत म्हणालो.

फाडकन टाळी! "झाला सौदा!"

"अहो, मी ठोकळे मोजत होतो!"

"आमी बोटं मोजली, मास्तर."

चार जण साक्षीला. कुणाकडे दाद मागणार? पवळ्या मान वळवून माझ्याकडे बघत बघत गेला.

तेवढ्यात किसन आला. राग विसरून माझ्यासाठीही चहा आणलेला. "काय मास्तर, झालं का पक्कं?"

"झालं," मी म्हणालो. "दुसऱ्याशी."

त्याने दोन्ही चहा स्वतःच प्यायले. त्याचे पैसे मी परत पाठवले. बायकोचा अबोला काही परत घेता आला नाही.

काही वर्षांनी मुलगी म्हणाली, "बाबा, सहा ठोकळ्यांचा नियम दुसऱ्या साखळीचा. किसनकाकांच्या साखळीत ठोकळा एकदा बसला की पक्का. वाट बघायचीच नसते."

मी तपासून पाहिलं. दोनदा. खरं होतं. किसनने हात पुढे केला, तेव्हाच पैसे पक्के झाले होते. सबंध बाजारात कच्चा होतो तो मीच!